उत्तरेच्या भिंतीतली कालवं

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरकावं, जागा पुष्कळ आहे आणि गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. आज राजाची कथा नाही, ऋषीचीही नाही. एका रागावलेल्या गवंड्याची आहे. पस्तीस वर्षं त्याने देवाची चाकरी केली, आणि छत्तिसाव्या वर्षी एक मुलगी हातोडी घेऊन आली आणि म्हणाली की बाबा, तुमच्या चाकरीनेच देवाचं घर आजारी पडलंय. सांगा, रागावेल नाही तर काय करेल?

सेसिल हॉबडे त्याचं नाव. इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या थॉर्पलिंग गावचा. वय चौऱ्याहत्तर, पाठ किंचित वाकलेली, हात मात्र थापीसारखे रुंद. गावात जुनं नाही असं घर शोधूनच काढावं लागेल, आणि सेसिलचा हात लागला नाही अशी भिंत तर शोधूनही सापडायची नाही. पबचं धुराडं त्याचं. गोरगरीब म्हाताऱ्यांसाठी तीनशे वर्षांपूर्वी बांधलेली सहा घरं आहेत ना, त्यांच्या पुढच्या भिंतीही त्याच्याच. पण त्याच्या जिवाची भिंत एकच, चर्चची उत्तरेची. दर उन्हाळ्यात दोन आठवडे तो आपलं पोटाचं काम बंद ठेवायचा आणि त्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायचा, एक पेनीही न घेता. जुना भुसभुशीत चुना खरवडून काढायचा, आत चांगलं घट्ट सिमेंट दाबायचा आणि वर बोटाएवढी उभार रेघ ओढायचा. प्रत्येक दगडाला चौकट घातल्यासारखी दिसायची ती भिंत. एका वर्षी सुबक गावांच्या स्पर्धेचे परीक्षक आले, त्या रेघांवरून बोट फिरवून गेले, आणि थॉर्पलिंगला पहिला नंबर मिळाला. त्याची पाटी अजून बसथांब्यापाशी आहे.

घमेलं द्यायला असायची त्याची बायको, मर्टल. सिमेंट कालवायची तीच, पाणी आणायची तीच, आणि काम चालू असताना वरच्या पट्टीत भजनंही तीच म्हणायची. आवाज काही गोड नव्हता. पण सेसिल म्हणायचा, "तू गात असलीस की माल लवकर सुकतो." "सुकतो कसला, पळून जायला बघतो," मर्टल म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या हातून घमेलं उचललं गेलं त्या शेवटच्या उन्हाळ्यात, पाद्र्यांच्या कपड्यांच्या खोलीची खिडकी आहे ना, तिच्या खालच्या दरजेत तिने ओल्या सिमेंटवर आपला अंगठा दाबला होता. सेसिल थापीने ठसा पुसायला गेला. ती म्हणाली, "राहू दे रे. देवाला कळू दे घमेलं कोण देत होतं." ठसा राहिला. दर रविवारी प्रार्थनेला जाताना सेसिल मुद्दाम उत्तरेच्या बाजूने वळसा घ्यायचा आणि त्या ठशावर आपला अंगठा टेकवायचा. हे गावात कोणालाही ठाऊक नव्हतं.

आता त्या मुलीकडे येऊ. चर्चच्या इमारतीची दर पाच वर्षांनी तपासणी होते. आधीचे वास्तुतज्ज्ञ गृहस्थ मोटारीतूनच शिखराकडे बघायचे, पाद्र्यांकडे एक पेला शेरी घ्यायचे आणि 'एकंदर समाधानकारक' असं लिहून जायचे. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आली मिस क्रॅडॉक. तिशीची, पायात चिखलाचे बूट, खिशात चिमुकली हातोडी. तिने शेरी घेतली नाही. तीन तास ती उत्तरेची भिंत ठोकत बसली, वैद्याने रोग्याची पाठ ठोकावी तशी.

महिन्याभराने गावच्या हॉलमध्ये अहवाल वाचला गेला. चर्चचा कारभार पाहणाऱ्या मिसेस पिम चष्मा नाकावर ओढून वाचत होत्या. सेसिल दुसऱ्या रांगेत बसला होता, हात गुडघ्यांवर. त्याला वाटलं होतं, भिंतीचं कौतुक असणार.

"'उत्तरेच्या भिंतीत आतून ओल आहे,'" मिसेस पिम वाचत होत्या. "'दगडांचे पापुद्रे सुटत आहेत. या सर्वाचं कारण...'" इथे त्या थांबल्या. सेसिलकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. "'कारण गेल्या काही दशकांत भरलेल्या सिमेंटच्या दरजा. त्या सर्व काढून भिंत पुन्हा चुन्यात भरावी.'"

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

"सर्व म्हणजे?" सेसिलने विचारलं.

"सर्व म्हणजे सर्व, मिस्टर हॉबडे," मिस क्रॅडॉक मागून म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता, हेच जास्त लागलं.

सेसिल उठला. टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. "पोरी, तू आजवर किती भिंती बांधल्यास?"

"एकही नाही."

"वाटलंच मला," म्हणून तो निघून गेला. दार आपटायचं होतं त्याला. पण ते दारही त्यानेच बसवलेलं, सावकाश मिटणारं. तेही धड आपटेना.

गाव म्हणजे कसं, तुम्हाला काय सांगायचं. काल ज्याची पाटी लावली, आज त्याचीच थट्टा. पबमध्ये सेसिल शिरला की धुराड्याजवळ बसलेला परसी गॉट्स ओरडायचा, "अरे, भिंतीपासून लांब उभे राहा रे! सेसिल आला, तिला ओल सुटेल!" सगळे हसायचे. मग एकेकाला आपापल्या घरातली ओल आठवू लागली. सहा घरांतल्या मिसेस टटल रस्त्यात अडवून म्हणाल्या, "सेसिल, माझ्या कपाटात बुरशी येते ती तुझीच म्हणायची का रे?"

"बाई, तुमचं कपाट तुम्ही सत्तर सालापासून उघडलेलं नाही."

"ते असू दे. माझ्या आर्थरचा संधिवातही तेव्हापासूनचाच."

"आर्थर कुंपणावरून पडला होता!"

"ओलीमुळेच घसरला असेल," म्हणून त्या ठसक्यात पुढे गेल्या.

सेसिल घरी आला तो धुमसतच. चहाची किटली ठेवली आणि विस्तव लावायलाच विसरला. पस्तीस उन्हाळे! दुसऱ्यांच्या सुट्ट्या समुद्रावर गेल्या, त्याच्या शिडीवर. मर्टलने एकदा तरी म्हटलं का की आपणही जाऊ या कुठे? तिच्या हाताच्या भेगांत सिमेंट शिरून रक्त यायचं, रात्री चरबी चोळून मोजे घालून झोपायची ती. ते सगळं आता 'काढून टाकावं'. जणू पानावर सांडलेली शाईच ती.

त्याने पत्रं लिहिली. पाद्र्यांना एक, त्यांच्या वरच्या धर्माधिकाऱ्यांना एक, वर्तमानपत्राला एक. पाद्र्यांनी उत्तर धाडलं की आपल्या भावनांचा आदर आहे. धर्माधिकाऱ्यांच्या कचेरीतून छापील कागद आला की आपलं पत्र मिळालं. वर्तमानपत्राने ते भोपळ्यांच्या प्रदर्शनाच्या बातमीखाली छापलं, तेही नाव चुकवून. भांडायला निघावं आणि समोर कोणी उभंच राहू नये, याच्यासारखा त्रास नाही. मऊ उशीला बुक्के मारावेत तसं झालं त्याचं.

शेवटी त्याने तिला भिंतीपाशीच गाठलं. मिस क्रॅडॉक खडूने दगडांवर खुणा करत होती.

"सिमेंट वाईट म्हणतेस ना? ते दगडापेक्षा कठीण असतं, माहीत आहे का तुला?"

"तेच तर दुखणं आहे, मिस्टर हॉबडे. पाणी भिंतीत शिरणारच. चुना मऊ असतो, तो पाणी बाहेर सोडतो. भिंत श्वास घेते म्हणा ना. तुम्ही दरजा बंद केल्यात, आता पाणी दगडातून वाट काढतं आणि थंडीत गोठून त्याचं तोंड फोडतं."

"श्वास घेते? मग खोकतही असेल!"

"खोकतेय ना. हे बघा." तिने एका दगडावरून बोट फिरवलं. बोटाबरोबर पिवळी भुकटी खाली पडली.

सेसिलने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "तो दगड मुळातच नासका होता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, काय करायचं ते करा. खिडकीखालचा तेवढा पट्टा सोडा. हातभरच आहे."

"तिथे तर सगळ्यात जास्त ओल आहे. तो सोडून कसं चालेल? का, तिथे काय आहे?"

काय सांगणार तो? बायकोचा अंगठा आहे म्हणून सांगणार, त्या खडूवाल्या मुलीला? "काही नाही," म्हणाला आणि थडग्यांमधून तरातरा चालता झाला. त्या रविवारी सेसिल हॉबडे प्रार्थनेला गेला नाही. पुढच्याही नाही. भजनाचे सूर वाऱ्याबरोबर घरापर्यंत यायचे, तर त्याने खिडकी लावून घेतली. मंडळी, देवावर रुसायलाही आधी देव जवळचा लागतो. पण ते त्या दिवसांत त्याला कोण सांगणार?

पाचव्या आठवड्यात मिसेस पिम केक घेऊन आल्या. त्या केक घेऊन आल्या म्हणजे बातमी वाईट, हे गावाला माहीत होतं.

"सोमवारी शहरातून माणसं येताहेत, सेसिल. विजेचं यंत्र आहे त्यांच्याकडे. चार दिवसांत सगळं काढतील म्हणे."

"यंत्राने? जुन्या भिंतीवर?"

"आता मला काय कळतं त्यातलं? तू असतास तर विचारलं असतं. तू तर खिडक्या लावून बसलास." केकवरचं फडकं सरळ करत त्या म्हणाल्या, "मर्टल असती ना, कान धरून बाहेर काढलं असतं तुला."

त्या गेल्या. सेसिलने केकला हात लावला नाही. यंत्र म्हणजे ठशाचा चुरा. त्याच्या डोळ्यांपुढे ते दिसायला लागलं, कोणी शिट्टी वाजवत आलेला पोरगा, कानांत बोळे, आणि ठशाची धूळ.

शनिवारी दुपारी त्याने छिन्नी आणि लाकडी मोगरी घेतली आणि चर्चच्या मागे गेला. ठसा तेवढा अलगद काढून घरी न्यायचा, मग त्या भिंतीचं काय व्हायचं ते होवो. त्याने छिन्नी कडेला टेकवली. हलके, अगदी हलके ठोके. पण त्याचंच सिमेंट ते, पस्तीस वर्षं मुरलेल्या हाताने भरलेलं. सहज सुटेल तर शपथ! अर्धा तास गेला. घाम डोळ्यांत उतरला. "सोड की गं," तो भिंतीला म्हणाला. मग एकाएकी वीतभर पट्टी सुटून त्याच्या हातात आली.

ठसा शाबूत होता. अंगठ्याची एक एक रेघ दिसत होती. त्याने पट्टी छातीशी धरली, आणि पट्टीच्या मागच्या बाजूचं काहीतरी थंडगार त्याच्या शर्टाला लागलं. उलटी करून बघितली.

सिमेंटच्या पाठीला दगड चिकटून आला होता. बोटभर जाड, ओला, सडक्या लाकडासारखा. आणि भिंतीत जिथून तो निघाला तिथे दगड राहिलाच नव्हता, ओल्या साखरेसारखा लगदा होता. त्याने बोट घातलं. पेरापर्यंत आत गेलं. पाणी निथळून मनगटावर आलं. किती वर्षांचं कोंडलेलं पाणी असेल ते, कोण जाणे.

सेसिल पट्टी मांडीवर घेऊन गवतावर बसला.

"मिस्टर हॉबडे?" मिस क्रॅडॉक कोपऱ्यावर उभी होती, हातात खडू. सोमवारच्या खुणा पुऱ्या करायला आली होती. त्याला छिन्नीसकट बघून ती आधी रागावणारच होती. मग तिने त्याच्या मांडीवरची पट्टी बघितली.

"हा कोणाचा?"

"माझ्या बायकोचा." पट्टी उलटी करून त्याने मागचा दगड दाखवला. "आणि हे माझं."

ती शेजारी गवतावर टेकली, चांगल्या कपड्यांनिशी. मग तिने त्या भगदाडात बघितलं, दोन बोटं आत घातली आणि एक पांढरा तुकडा बाहेर काढला.

"कालव," ती म्हणाली. "कालवाचा शिंपला. तुमच्या छिन्नीपेक्षा खोल होता म्हणून वाचला. अशा भिंतीत शेकडो असायला हवेत. जुने गवंडी रुंद दरजेत शिंपला सारायचे, चुना सुकेपर्यंत दगड त्यावर टेकून राहायचा. मला एकही दिसेना, तेव्हा वाटलं इथे ती पद्धत नसेल."

सेसिलचा चेहरा उतरला. दिसेल कसा? बादल्या भरभरून काढले होते त्याने. पहिल्याच उन्हाळ्यात तो शिडीवरून म्हणाला होता, "बघ मर्टल, काय आळशी लोक! जेवले आणि खरकटं भिंतीत कोंबलं." आणि मर्टल खाली वाकून एकेक शिंपला उचलत म्हणाली होती, "खरकटं इतकं नीट कोणी कोंबत नाही, सेसिल. काहीतरी कारण असेल." तो हसला होता. खूप हसला होता. पबमध्येही सांगितलं होतं त्याने ते.

"टाकून दिलेत का?" मिस क्रॅडॉकने विचारलं.

"मी टाकले," सेसिल म्हणाला. "तिने नाही टाकले."

सेसिलच्या अंगणात मर्टलच्या वाटाण्याच्या फुलांच्या वाफ्याला चारी बाजूंनी कड होती. तिने घमेलं दिलं त्या सगळ्या उन्हाळ्यांची कालवं, एकाला एक लावून मातीत उभी रोवलेली. रोज सकाळी तो त्यांच्याशेजारून चालत जात होता.

आता तुम्हाला वाटेल, झालं, गवंड्याचे डोळे उघडले आणि सगळं गोड झालं. छे! राग गेला नाही त्याचा. फक्त वळला. मिसेस पिमना त्याने ठणकावलं की सोमवारची माणसं परत पाठवा, सिमेंट मी घातलं, मीच काढणार, हाताने. मिसेस पिम म्हणाल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शिडीवर चढवायचं तर विमा लागतो, अर्ज लागतो, दोन सह्या लागतात. "घालताना लागल्या नाहीत त्या?" सेसिल गरजला. दीड महिना त्या अर्जात गेला, तोवर थंडी पडली, आणि थंडीत चुना चालत नाही. वसंतापर्यंत बसून राहा! तो नुसता खोलीत येरझारा घालायचा.

वसंतात पहिला चुना त्याने भरला आणि सवयीने थापी मारून घरी गेला. आठ दिवसांनी बोट लावलं तर पिठासारखा गळून पडला. मिस क्रॅडॉक म्हणाली, "सुकवायचा नसतो तो, मिस्टर हॉबडे. ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, रोज दोनदा भिजवायचं."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. चारही लागतील."

"सिमेंट चहाच्या वेळेपर्यंत घट्ट व्हायचं! हे काय तान्हं पोर आहे?"

"साधारण तसंच," ती म्हणाली.

मग गाव रोज बघू लागलं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सेसिल हॉबडे झारी घेऊन येतो आणि भिंतीवरचं गोणपाट भिजवतो, तोंडाने अखंड कुरकूर. परसी गॉट्स कुंपणावरून म्हणाला, "काय रे, बाळ झोपलं का?" सेसिलने झारीचं तोंड त्याच्याकडे वळवलं. तसा परसी हसत पळाला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणातल्या पिंपातलं पावसाचं पाणी बादलीने आणून गुपचूप भिंतीपाशी ठेवून गेला.

आणि प्रत्येक रुंद दरजेत एक कालव. वाफ्यातून उपटायचं, माती धुवायची, हातात फिरवून बघायचं आणि चुन्यात सारायचं. खिडकीखाली सारलं ते सगळ्यात मोठं. तिथे आता ठसा नाही. ती पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, मागच्या सडक्या दगडासकट. तो भाग तोडून टाक असं मिसेस पिम म्हणाल्या होत्या. त्याने तोडला नाही.

काम अजून अर्धंही झालेलं नाही. पाऊस लागला की थांबतं, ऊन तापलं की थांबतं, सेसिलचा गुडघा दुखला की थांबतं. पुढे त्या सहा घरांच्या भिंती आहेतच, आणि मिसेस टटल रोज कपाटाचा विषय काढतात. हे सगळं पुरं होईतो आपण राहत नाही, हे सेसिलला कळतं आणि त्याचा संताप होतो. पण रविवारी तो चर्चमध्ये असतो. दुसऱ्या रांगेत, उत्तरेच्या बाजूला. भजन सुरू झालं की तोंड वाकडं करून, बेसूर, पण वरच्या पट्टीत म्हणतो.

माझी एकच विनंती. सेसिलला लक्षात ठेवू नका, त्याला ते आवडायचं नाही; म्हणेल, तुम्हाला दुसरं काम नाही का. लक्षात ठेवा मर्टल हॉबडेला. सगळे ज्याला खरकटं म्हणून हसत होते, ते तिने खाली वाकून एकेक उचललं, आणि कारण कळायची वाट न बघता नीट जपून ठेवलं. उद्या कुठल्या जुन्या भिंतीजवळून जाल तेव्हा घटकाभर थांबा, आणि तिचं नाव घ्या.